कचेरीतला कागदांचा सर्व्हर : सेटिंगच्या फाइलींवरच्या नोंदी

१३ मे

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली म्हणून साहेबांनी हे काम आत्ताच उरकायला सांगितलं. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या कचेरीत जमिनीच्या प्रकरणांचे जुने कागद लोखंडी कपाटांत आहेत आणि त्यांचे स्कॅन मागच्या खोलीतल्या एका जुन्या डेस्कटॉपवर. स्कॅन सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे पेपरलेस-एनजीएक्स. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, कागदावरची अक्षरं ओळखतं आणि त्यांत शोध घेऊ देतं. ते डॉकर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंटेनरांत चालतं. बसवून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना पासवर्डांची एक चिठ्ठी ठेवून गेला, बाकी कागदोपत्री काही नाही. माझं मूळ काम हिशेब आणि टायपिंगचं. लिनक्सच्या टर्मिनलशी थोडी ओळख आहे, डॉकरशी नाही.

साहेबांना हवंय ते असं: मराठी कागद शोधून सापडावेत, कागद कधी आत घेतला ती वेळ बरोबर दिसावी आणि तो मुलगा आता इथे नसल्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड बदलावा. काकाजींची, म्हणजे आमच्या जुन्या कारकुनांची, तक्रार वेगळी: "मोठी फाईल घेतच नाही तो कम्प्युटर." आणि जाता जाता ते आणखी एक बोलले: "पहिले मराठी सापडत होतं ना बाप्पा. दिवाळीनंतर बंदच होऊन गेलं." हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतेय. चालत असलेली गोष्ट आपोआप बंद पडत नाही.

आज बदल काहीच केला नाही. पेपरलेसची स्वतःची एक्सपोर्टची कमांड आहे, ती सगळे कागद आणि त्यांची माहिती एका फोल्डरात काढून देते. तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला. सेटिंगच्या फाइलींना हात त्यानंतरच.

१४ मे

आधी काय चालू आहे ते बघितलं. चार कंटेनर आहेत: पेपरलेस स्वतः, पोस्टग्रेस हा डेटाबेस, कामांची रांग सांभाळणारं रेडिस, आणि सगळ्यांच्या पुढे दारावर बसून ब्राउझरच्या मागण्या आत पोचवणारं एनजिनएक्स.

डॉकर २०१३ साली आलं. कंटेनर म्हणजे वेगळा कम्प्युटर नव्हे, हे कळायला मला थोडं वाचावं लागलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोच, आपल्या डेस्कटॉपचा. फक्त प्रोग्रॅमभोवती कुंपण घातलेलं असतं, म्हणजे त्याच्या फाइली वेगळ्या आणि नेटवर्कही वेगळं. इमेज हा तयार साचा आणि त्यावरून उभा केलेला चालता प्रोग्रॅम म्हणजे कंटेनर. चारही कंटेनर कसे उभे करायचे हे एकाच कंपोज फाइलीत लिहिलेलं असतं.

अडचण अशी की कंपोज फाइली तीन सापडल्या. एक डाउनलोडमध्ये, एक 'पेपरलेस' फोल्डरात, एक 'पेपरलेस-नवीन' फोल्डरात. तिन्हींत थोडा थोडा फरक. यांतली खरी कोणती ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा डॉकरलाच विचारावं. 'डॉकर कंपोज एलएस' ही कमांड चालू प्रकल्पांची नावं देते आणि प्रत्येकापुढे कुठली फाइल वापरली त्याचा पूर्ण पत्ता. उत्तर आलं: 'पेपरलेस'. बाकीच्या दोन फाइली 'जुनं' नावाच्या फोल्डरात टाकल्या. कोणी नवशिका मला विचारेल तर मी हीच कमांड पहिली सांगेन. चुकीच्या फाइलीत कितीही बरोबर बदल केला तरी काही होत नाही आणि माणूस उगाच बदलालाच दोष देत बसतो.

१६ मे

आज फाइल नुसती वाचली. लिखाण यॅमल पद्धतीचं. कंस नाहीत, अर्धविराम नाहीत. कोण कोणाच्या पोटात आहे हे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरतं. ती जागा स्पेसनेच सोडायची, टॅब चालत नाही. मुद्दाम एका प्रतीत टॅब टाकून बघितला. ओळीच्या क्रमांकासकट चूक दाखवली: या अक्षराने काहीच सुरू होऊ शकत नाही, अशा अर्थाची. ही चूक बरी, कारण ती ओरडते.

न ओरडणारी चूक जास्त वाईट, म्हणून तीही करून बघितली. पेपरलेसच्या भागात 'एन्व्हायर्नमेंट' नावाचा मथळा आहे, त्याच्या पोटात चार स्पेस आणखी आत सरकवून प्रोग्रॅमला द्यायच्या सेटिंग आहेत. त्याच्याखाली, मथळ्याच्या रांगेत, 'रीस्टार्ट' ही ओळ: लाईट जाऊन आली की कंटेनर पुन्हा चालू करायचा की नाही, ते सांगणारी. ही ओळ मी आत सरकवून सेटिंगांच्या रांगेत आणून ठेवली. डॉकरने हूं की चूं केलं नाही. त्याच्या दृष्टीने 'रीस्टार्ट' हीसुद्धा प्रोग्रॅमला द्यायची एक सेटिंग झाली. पेपरलेसला त्या नावाची सेटिंग माहीतच नाही, त्यामुळे ते दुर्लक्ष करतं. आणि कंटेनरला मात्र पुन्हा चालू होण्याची सूचना उरली नाही. पुढच्या वेळी लाईट गेली असती तेव्हाच हे कळलं असतं.

हे पकडायची सोय आहे. 'डॉकर कंपोज कॉन्फिग' ही कमांड फाइल वाचते, बाहेरच्या फाइलींतल्या किमती तिच्यात भरते आणि आपल्याला जे समजलं ते सगळं पुन्हा छापून दाखवते. काही चालू करत नाही, बंद करत नाही. त्या छापलेल्या रूपात 'रीस्टार्ट' सेटिंगांच्या यादीत बसलेलं स्पष्ट दिसलं. आता नियम असा केलाय की बदल केला की आधी ही कमांड चालवायची आणि मी लिहिलं ते न वाचता डॉकरने काय वाचलं ते वाचायचं. एक सावधगिरी: या छापील रूपात पासवर्डही उघडे दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर कोणाला मदतीसाठी पाठवायचा नाही.

अवतरण चिन्हांचं प्रकरणही इथेच कळलं. यॅमलच्या जुन्या १.१ नियमांप्रमाणे इंग्रजीतलं नुसतं 'यस' किंवा 'नो' लिहिलं तर ते शब्द न राहता खरं-खोटं होतं. 'रीस्टार्ट'ला 'नो' द्यायचं असेल तर ते अवतरणांत द्यावं लागतं ते याचमुळे. पोर्टची, म्हणजे नेटवर्कवरच्या दारांच्या क्रमांकांची, जोडीही अवतरणांतच बरी. मध्ये विसर्गासारखं चिन्ह असलेले आणि साठाच्या आतले आकडे जुने नियम तास-मिनिटांसारखे साठाच्या पटीत मोजू शकतात. २००९ च्या १.२ नियमांत हे काढलं, पण सगळे प्रोग्रॅम तेच नियम पाळतात असं नाही. मी सरसकट अवतरण देते. त्याला पैसे पडत नाहीत.

फाइलीत वर 'व्हर्जन'ची एक ओळ होती. ती आता कालबाह्य आहे अशी ताकीद डॉकर दर वेळी देत होता. काढून टाकली.

१७ मे

सेटिंग सगळ्या कंपोज फाइलीत नाहीत. पेपरलेसच्या बऱ्याचशा शेजारच्या एका ईएनव्ही फाइलीत आहेत, एका ओळीवर एक, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव आणि उजवीकडे किंमत. तिथे दिवाळीचं कोडं सुटलं.

अक्षरओळखीची भाषा ठरवणारी ओळ दोनदा होती. एका ओळीत मराठी अधिक इंग्रजी, पण तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह, म्हणजे ती ओळ रद्द. खालच्या ओळीत नुसती इंग्रजी. फाइल शेवटची बदलल्याची तारीख बघितली, आणि पेपरलेसचा कंटेनर कधी तयार झाला ती तारीख 'डॉकर इन्स्पेक्ट'ने काढली. दोन्ही एकाच दिवशीच्या, दिवाळीनंतरच्या आठवड्यातल्या. मग टर्मिनलचा इतिहास चाळला. त्यात बरंच आधी एक कमांड होती: चालत्या कंटेनरच्या आत शिरून टेसरॅक्टचं मराठी पॅकेज हाताने बसवण्याची. टेसरॅक्ट म्हणजे अक्षरं ओळखणारं इंजिन, मुळात १९८५ ते १९९४ च्या दरम्यान एचपीत तयार झालेलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं. पेपरलेसच्या इमेजमध्ये त्याच्या मोजक्याच भाषा आधीपासून असतात: इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच. मराठी नसते.

म्हणजे घडलं ते असं. त्या मुलाने मराठी कंटेनरच्या आत बसवली आणि ती नीट चालली. दिवाळीनंतर पेपरलेसची नवी इमेज उतरवली. नव्या इमेजवरून नवा कंटेनर उभा राहिला, जुना गेला आणि त्याच्या पोटातली मराठीही गेली. पेपरलेसने सुरू होताना तक्रार केली असणार की निवडलेली भाषा बसवलेलीच नाही. मग ती ओळ रद्द करून, इंग्रजी ठेवून, काम पुढे ढकललं गेलं.

काकाजींना सांगताना मी असं सांगितलं: मूळ दस्ताच्या झेरॉक्सवर पेन्सिलने दुरुस्ती केली, झेरॉक्स हरवली, पुन्हा मूळ दस्तावरून काढली. दुरुस्ती कुठून येणार? त्यांना लगेच पटलं. वर म्हणाले, "मंग मूळ कागदावरच काहून नाही लिहिलं त्यानं?"

१९ मे

मूळ कागदावर लिहिलं.

पेपरलेसमध्ये भाषेच्या सेटिंग दोन आहेत आणि त्यांची नावं एका अक्षराने वेगळी, शेवटी 'लँग्वेज' आणि 'लँग्वेजेस'. अनेकवचनी सेटिंग म्हणजे कंटेनर सुरू होताना कुठल्या जादा भाषांची पॅकेजं बसवायची. एकवचनी म्हणजे कागद वाचताना कुठल्या भाषा वापरायच्या. पहिलीत भाषांमध्ये स्पेस, दुसरीत अधिकचं चिन्ह. मराठीचा संकेत एम-ए-आर, हिंदीचा एच-आय-एन.

हिंदी कशाला? नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडची. त्या काळातले आमच्याकडचे मालगुजारीचे आणि खसऱ्याचे बरेच कागद हिंदीत आहेत. काही एकाच पानावर वर इंग्रजी शिक्का, मध्ये हिंदी मजकूर आणि खाली मराठी सही असे. म्हणून मराठी, हिंदी, इंग्रजी या क्रमाने तिन्ही. पहिली भाषा मुख्य धरली जाते, आणि आमच्याकडे मराठी कागद जास्त. भाषा वाढवल्या की वाचन मंदावतं हे खरं, पण आम्हाला घाई नाही. रात्रभर चालू दे.

वेळेचं तिथेच उरकलं. पेपरलेसची वेळ मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, म्हणून सगळे कागद साडेपाच तास आधी आल्यासारखे दिसत होते. टाइमझोनला एशिया/कोलकाता दिलं.

बदल लागू करताना एक गाठ आहे. सगळे सांगतात, 'सेटिंग बदललीस ना, मग रीस्टार्ट कर.' 'डॉकर कंपोज रीस्टार्ट' केलं. कंटेनर बंद होऊन चालू झाला, लॉग स्वच्छ, आणि मराठीचा पत्ता नाही. रीस्टार्ट म्हणजे तोच कंटेनर पुन्हा सुरू करणं. सेटिंग त्या कंटेनरला तो तयार होताना दिलेल्या असतात आणि त्याच्याबरोबर राहतात. नव्या सेटिंग द्यायच्या तर नवा कंटेनर हवा. त्यासाठी 'डॉकर कंपोज अप' द्यायचं, पुढे 'डी' लावून म्हणजे ते पाठीमागे चालतं. कुठल्या कंटेनरच्या सेटिंग बदलल्या ते डॉकर स्वतः ताडून बघतो आणि तेवढाच नव्याने उभा करतो. आमचा डेटाबेस आणि रेडिस जागचे हलले नाहीत.

खात्री कशी करायची? कंटेनरच्या आत 'ईएनव्ही' ही कमांड चालवली की त्याच्या हातात खरोखर काय आहे ते दिसतं. तिन्ही भाषा दिसल्या. लॉगमध्ये पॅकेज उतरवल्याच्या ओळीही. यातून आणखी एक समजलं: नवा कंटेनर उभा राहिला की ही पॅकेजं पुन्हा इंटरनेटवरून उतरतात. म्हणजे नेट बंद असताना कंटेनर नव्याने उभा करायचा नाही. हे काकाजींच्या टेबलामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलं.

जुन्या कागदांवर याचा आपोआप परिणाम होत नाही. पेपरलेसच्या यादीत कागद निवडून 'पुन्हा प्रक्रिया' द्यावी लागते. रात्रीसाठी लावून आले.

२० मे

सकाळी काकाजींनी 'बाबुळखेडा' टाइप केलं आणि मौजा बाबुळखेड्याचे खरेदीखत-फेरफार खाली उतरले. जुने हिंदी कागद मात्र त्यात नव्हते, कारण त्यांत नाव 'बाबुलखेड़ा' असं आहे. इंजिनचा दोष नाही, कागदावर आहे तेच त्याने वाचलं. दोन्ही रूपं मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ओआर' घालून शोधली की सगळे येतात. काकाजींनी ही युक्ती माझ्यापेक्षा आधी आत्मसात केली. आता ते प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा नंबर घालून शोधायला लागलेत. तिथे पाच आणि सहाच्या देवनागरी आकड्यांत घोळ होतो, पण तो मूळ कागद फिका असल्यामुळे.

हाताने लिहिलेले आणि मोडीतले कागद यात वाचले जाणार नाहीत. त्यांना टॅग हातानेच.

२३ मे

सरावाचा दिवस. चालत्या यंत्रणेवर प्रयोग नकोत म्हणून कंपोज फाइल आणि ईएनव्ही फाइल 'सराव' नावाच्या फोल्डरात घेतल्या, बाहेरचा पोर्ट बदलला आणि तिथे दुसरा संच उभा केला. तो पूर्ण रिकामा निघाला, एकही कागद नाही. क्षणभर छातीत धस्स झालं, पण ते तसंच व्हायला हवं. कंपोज प्रकल्पाचं नाव फोल्डरच्या नावावरून घेतो आणि डेटा ठेवायच्या व्हॉल्यूमना (कंटेनरबाहेरच्या जागा, कंटेनर गेला तरी त्या राहतात) तेच नाव पुढे जोडतो. फोल्डर वेगळा, तर व्हॉल्यूमही वेगळे. उलट बाजूने याचा अर्थ असा की उद्या कोणी आवराआवरी म्हणून 'पेपरलेस' फोल्डरचं नाव बदललं तर सगळे कागद नाहीसे झाल्यासारखं दिसेल. गेलेले नसतील, जुन्या नावाच्या व्हॉल्यूममध्ये असतील. तेव्हा घाबरून कोणी काही पुसू नये म्हणून ही नोंद.

मग कंटेनरच्या आत एक फालतू फाइल तयार केली. रीस्टार्ट केलं, फाइल तिथेच. 'डॉकर डिफ'ने मूळ इमेजपेक्षा काय वेगळं झालंय त्याची यादी मिळते, त्यात तीही दिसली. कंटेनर नव्याने उभा केला आणि गेली. दिवाळीचं प्रकरण टेबलावर पुन्हा करून बघितल्यासारखं झालं. फसवतं ते मधलं पाऊल. रीस्टार्टनंतर बदल टिकलेला बघून माणसाला वाटतं पक्कं झालं.

आणखी एक: कंटेनर काढायच्या 'डाऊन' कमांडच्या मागे 'व्ही' लावला तर व्हॉल्यूमही जातात. सरावात लावून बघितलं आणि खरोखर गेले. ती कमांड मी 'पेपरलेस' फोल्डरात असताना टाइप करणार नाही.

२६ मे

नवतपा लागला. दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरने साथ सोडली आणि यंत्र बंद झालं. आल्यावर चारही कंटेनर आपोआप उठले. 'रीस्टार्ट'ची ओळ आपल्या जागी आहे. त्या खोलीत कूलर नाही, तेवढी सोय मात्र फाइलीत बदल करून होणार नाही.

२८ मे

पासवर्ड. यावर जरा जास्त लिहिते, कारण यात फाइल बदलून काम होतं असं वाटतं आणि होत नाही.

पोस्टग्रेसला पासवर्ड कंपोज फाइलीतूनच दिलेला असतो. आमच्याकडे तो अजून पेपरलेसच्या नमुना फाइलीतलाच होता, म्हणजे वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड एकच. सरावाच्या संचात तो बदलला, पेपरलेसच्या बाजूचाही तोच केला आणि 'अप' दिलं. कंटेनर नवे झाले, दोन्हींकडे नवा पासवर्ड, तरी पेपरलेस म्हणतं डेटाबेस आत घेत नाही. कारण पोस्टग्रेसची इमेज ती सेटिंग फक्त पहिल्यांदा, डेटाचा फोल्डर रिकामा असताना वाचते. त्या वेळी पासवर्ड डेटाबेसच्या आत लिहिला जातो आणि पुढे तोच खरा. नंतर फाइलीत काहीही लिहा, जुना डेटा असेल तर ती ओळ कोणी विचारातच घेत नाही.

मग क्रम असा. आधी डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरून पीएसक्यूएलमधून, म्हणजे पोस्टग्रेसला हुकूम द्यायच्या प्रोग्रॅममधून, पासवर्ड बदलायचा. मग फाइलीतल्या दोन्ही जागा बदलायच्या. मग 'अप'.

यात चाचणीचा एक सापळा आहे. डेटाबेसच्या कंटेनरमध्ये आतून पीएसक्यूएल उघडलं तर ते पासवर्ड विचारतच नाही. अधिकृत इमेजमध्ये आतल्या जोडणीवर सरळ विश्वास ठेवलेला असतो. त्यामुळे 'आत गेले, म्हणजे पासवर्ड बरोबर' असं म्हणता येत नाही. चाचणी दुसऱ्या कंटेनरमधून करायची. पत्ता म्हणून लोकलहोस्ट चालत नाही, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. कंपोज फाइलीत डेटाबेसला जे सेवेचं नाव दिलंय तेच पत्ता म्हणून वापरायचं.

साहेबांनी सुचवलेल्या पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह होतं. कंपोज फाइलीत डॉलर म्हणजे 'इथे दुसरी किंमत भर' अशी खूण, त्यामुळे त्यापुढचा भाग गायब होतो. तो ठेवायचाच असेल तर डॉलर दोनदा लिहावा लागतो. साहेबांना म्हटलं, "सर, डॉलर काढू या, लांबी वाढवू या." ते म्हणाले, "रुपयाचं चिन्ह टाका मग." ते नाही टाकलं. नुसती अक्षरं आणि आकडे, पण भरपूर.

सरावात सगळं जमल्यावरच दुपारी खऱ्या संचावर केलं. डेटाबेसचा पोर्ट कंटेनरांच्या बाहेर उघडलेला नाही हेही तपासलं. कचेरीच्या वायफायवरून तो दिसत नाही.

२ जून

काकाजींची मोठी फाइल. ब्राउझरमधून जाड स्कॅन चढवला की ४१३ क्रमांकाची चूक यायची, छोटा चढायचा. तो क्रमांक पेपरलेसचा नाही, दारावरच्या एनजिनएक्सचा आहे. त्याला मर्यादा सांगितली नसेल तर एक मेगाबाइटच्या वर काही आत घेत नाही. त्याच्या फाइलीत एक ओळ घालून मर्यादा शंभर मेगाबाइट केली. ओळ घातली ती फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या 'सेड' कमांडने, जागच्या जागी.

एनजिनएक्सला सेटिंग तपासायची स्वतःची कमांड आहे. ती कंटेनरमध्ये चालवली, ठीक म्हणालं. पुन्हा वाचायला सांगितलं. तरी ४१३. कंटेनरच्या आत जाऊन फाइल उघडली तर तिच्यात माझी ओळच नाही. बाहेर बघावं तर आहे! बाहेरचीच फाइल आत जोडलेली असताना एकाच फाइलीचे दोन मजकूर कसे?

'एलएस'ला 'आय' लावून दोन्हीकडचे आयनोड क्रमांक बघितले. आयनोड म्हणजे फाइलसिस्टिमच्या दप्तरी फाइलीचा खरा क्रमांक, नाव ही त्यावरची नुसती चिठ्ठी. दोन्हीकडे क्रमांक वेगळे. आमच्या कंपोज फाइलीत फोल्डर न जोडता ती एकच फाइल जोडली होती, आणि अशी जोडणी नावाशी नसून त्या आयनोडशी होते. 'सेड' जागच्या जागी बदल करतो म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतो. बाहेर नाव नव्या फाइलीकडे गेलं, कंटेनर जुनीच धरून बसला. काही एडिटरही साठवताना असंच करतात. नॅनो हा एडिटर त्याच फाइलीत लिहितो, म्हणून त्याने बदल केला असता तर हे कधी लक्षातच आलं नसतं.

एनजिनएक्सचा कंटेनर रीस्टार्ट केला की जोडणी पुन्हा नावावरून होते आणि नवी फाइल दिसते. म्हणजे इथे रीस्टार्ट पुरलं, १९ तारखेला पुरलं नव्हतं. कायमचा उपाय म्हणून एकट्या फाइलीऐवजी तिचा फोल्डर जोडला. त्यासाठी कंपोज फाइल बदलली, म्हणून तिथे 'अप'. काकाजींनी एक आख्खं प्रकरण एका फाइलीत चढवून बघितलं. चढलं.

जोडायची फाइल बाहेर अस्तित्वातच नसेल तर? सरावात नाव मुद्दाम चुकवून बघितलं. डॉकर तक्रार न करता त्या नावाचा रिकामा फोल्डर तयार करतो आणि मग फाइलीच्या जागी फोल्डर जोडता येत नाही म्हणून अडतो. चूक दाखवतो ती जोडणीची, नावाची नाही. असा कुठे सेटिंगच्या फाइलीच्या नावाचा फोल्डर दिसला तर नाव तपासावं, रिकामा फोल्डर पुसावा आणि पुन्हा 'अप' द्यावं.

५ जून

इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' होतं ते काढून नेमकी आवृत्ती लिहिली, आत्ता चालू आहे तीच. पोस्टग्रेसच्या बाबतीत हे जास्त गरजेचं. त्याची मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा फोल्डर नवी आवृत्ती उघडत नाही, डेटा आधी काढून मग भरावा लागतो. 'लेटेस्ट' ठेवलं तर कुठल्या तरी शनिवारी सहज केलेल्या अपडेटमध्ये ते अंगावर येतं.

सेटिंगचा फोल्डर गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घातला. पासवर्ड असलेली ईएनव्ही फाइल त्यातून वगळली आणि तिची पासवर्डविना नमुना प्रत ठेवली. प्रत्येक बदलासोबत कारण मराठीत लिहायचं ठरवलंय. हॅश लावून ओळ रद्द करणं बंद. ती ओळ का रद्द केली हे मला दिवाळीच्या तारखांवरून शोधत बसावं लागलं, पुढच्याला लागू नये.

७ जून

कोर्ट उघडायच्या आधीची शेवटची तपासणी. मागच्या खोलीत यंत्रावर एक कागद चिकटवलाय. त्यावर चार ओळी: भाषा आणि वेळ ईएनव्ही फाइलीत, बदलल्यावर 'अप'; पोर्ट, आवृत्ती आणि जोडण्या कंपोज फाइलीत, बदलल्यावर 'अप'; अपलोडची मर्यादा एनजिनएक्सच्या फोल्डरात, बदलल्यावर तपासून पुन्हा वाचायला सांगणे; डेटाबेसचा पासवर्ड डेटाबेसच्या आत, २८ मेची नोंद वाचल्याशिवाय हात लावू नये. काकाजींनी त्याखाली पेनाने पाचवी ओळ घातली: 'नेट चालू आहे काय ते आधी पाहा.'

बाहेरच्या डिस्कवरचा एक्सपोर्ट रिकाम्या संचात उतरवून बघायचं बाकी आहे. उतरवून न बघितलेल्या प्रतीवर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही. साहेबांचा जुना लॅपटॉप त्यासाठी मागितलाय. सोमवारी देतो म्हणाले.